मधलं माणूस

३ एप्रिल, सोमवार

खारूनं आज जेवताना विचारलं, "बाबा, कॉलेजं बघायला याल का माझ्याबरोबर?"

आणि मी काय केलं? समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणालो, "तिला म्हणावं, येईन."

निघून गेलं तोंडातून! खारूचा घास हातातच राहिला. मग ती ताट घेऊन उठली आणि आत गेली. नळ बराच वेळ चालू होता.

४ एप्रिल, मंगळवार

कालचं मनातून जात नाही. ही असताना असंच चालायचं आमचं. एकाच टेबलाशी तिघं बसलेलो, आणि खारू म्हणायची, "आई, बाबांना विचार ना, मैत्रिणीकडे राहायला जाऊ का?" मी हिला म्हणायचो, "तिला म्हणावं, जा, पण सकाळी लवकर ये." दोघांच्या मधोमध ही. "मी काय टपाल कचेरी आहे का तुमची? तोंडं नाहीत का तुम्हाला?" ओरडायची, आणि ओरडत ओरडत निरोप पोचवायची.

बरं, निरोप जसाच्या तसा कधी पोचवला नाही हिनं. मी म्हणायचो "नको". तिकडे जायचं, "बाबांना काळजी वाटते गं." खारू पाय आपटून म्हणायची "राहू दे!" माझ्यापर्यंत यायचं, "पोरगी हिरमुसली आहे, जरा जवळ घ्या." वाटेत सगळं धुऊन, वाळवून, घडी घालून पोचायचं. मागच्या थंडीत ही गेली. तेव्हापासून आमच्या घरात "नको" म्हणजे "नको" एवढंच पोचतं.

खारूला घरापुढच्या माझ्या दुकानातून हाक मारून सांगितलं, "येईन हं मी. कॉलेजं बघायला." ती म्हणाली, "बरंय."

८ एप्रिल, शनिवार

आज पहिलं कॉलेज पाहिलं. जवळचं. चालत जाता येतं.

खारूला जमिनीखालून निघालेल्या जुन्या वस्तूंचं शास्त्र शिकायचंय. पुरातत्त्व. लोकांना नवल वाटतं, मला वाटत नाही. सोफे दुरुस्त करणाऱ्याची पोर ती. लोकांचे जुने सोफे उसवले की आतून काय काय निघतं — बटणं, किल्ल्या, केसातल्या पिना, खेळण्यातली चाकं, एकदा तर कुणाचा तरी दात! मी सगळं एका डब्यात टाकायचो. खारू एवढीशी होती तेव्हा तो डबा जमिनीवर पालथा करून बसायची आणि कुठली वस्तू कुठल्या घरातली, किती वर्षं आत पडून असेल, याचे तर्क चालायचे. आणि आवडेल ते खारीसारखं स्वतःच्या उशीखाली दडवायची. खारू हे नाव त्यावरूनच पडलं.

तर कॉलेज. त्या विभागाला जिन्याखालच्या अंधाऱ्या खोल्या. छताला ओल. फळ्यांवर फुटकी मडकी, प्रत्येकाच्या गळ्यात दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. तिथल्या बाई बुटक्या, पिकलेल्या केसांच्या, बाहीला माती. त्यांची खुर्ची बघून मात्र माझा जीव कासावीस झाला. बैठक खचलेली, एका बाजूनं उशी कोंबलेली. मला राहवेना. वाकून खाली हात घातला — पट्टे तुटलेले, सगळा भार नुसत्या कापडावर!

"बाबा!" खारू दबक्या आवाजात ओरडली.

बाई हसल्या. "असू दे. मला बसायला वेळ कुठे मिळतो?"

मी म्हटलं, "दुकानात पाठवून द्या. करून देतो."

त्यानंतर माझ्याकडे कुणी पाहिलंच नाही. बाईंनी खारूच्या हातात एक खापर ठेवलं. "काय असेल हे, सांग." खारूनं आतल्या कडेवरून बोट फिरवलं, डोळे मिटून. "झाकण. इथं घासलंय." बाईंनी दुसरं खापर काढलं. मग तिसरं. मी भिंतीशी उभा राहून छताची ओल बघत होतो.

परत येताना खारू झपाझप पुढे चालत होती, गप्प, मुठी आवळून. विचारलं, "कसं वाटलं?" म्हणाली, "बरंय."

मला तरी कॉलेज काही धड वाटलं नाही. जिथं शिकवणाऱ्याला बसायला खुर्ची नाही, तिथं पोरांचं काय सांभाळणार!

१० एप्रिल, सोमवार

ताईचा फोन. माझी मोठी बहीण. तिला सगळ्यातलं सगळं कळतं. "जवळचंच घे म्हणावं. पोरीच्या जातीला —" मी म्हटलं, ताई, गिऱ्हाईक आलंय. आलं नव्हतं.

१७ एप्रिल, सोमवार

दुसरं कॉलेज पाहून आलो. लांबचं. काल सकाळी गाडीत बसलो ते उन्हं कलताना पोचलो, नातेवाइकाच्या ओळखीच्यांकडे मुक्काम, आज सकाळी कॉलेज पाहून रात्री परत.

काय ते कॉलेज! पुरातत्त्वाची वेगळी इमारत. काचेची कपाटं. वर्गात ओळीनं खुर्च्या, घट्ट बसवलेल्या; मी मागच्या ओळीत जाऊन एकीची शिवण पाहिली. दुहेरी, सरळ, कुठे सुरकुती नाही. ज्यानं केलं त्यानं मनापासून केलं आहे. कचेरीतल्या सोफ्यावर तर मी मुद्दाम दोनदा बसलो.

वसतिगृह दाखवायला एक विद्यार्थिनी आली होती. मी पलंगावरच्या गादीत गुडघा रोवून बघत होतो. ती खारूला हळूच विचारते, "तुझे बाबा काय करतायत?"

"गादी तपासतायत," खारू म्हणाली. "त्यांना गादी पसंत पडली, तरच मला प्रवेश."

दोघी खिदळल्या. खूप महिन्यांनी तिला हसताना ऐकलं.

आणि बोलली किती! "केवढं मोठं आहे ना, बाबा! किती छान! ती पुस्तकं पाहिलीत? आणि ती बाग?" गाडीतसुद्धा तोंड चालूच. मला वाटलं, झालं. पोरीचं ठरलं. जवळच्या कॉलेजबद्दल दोन शब्द, आणि याच्याबद्दल दोन तास!

मग बोलता बोलता माझ्या खांद्यावर झोपली. ही गेल्यापासून पहिल्यांदा. खांदा बधिर झाला, पण हललो नाही. समोरच्या बाकावरच्या आजोबांना माझ्याकडे बघून हसू येत होतं.

१८ एप्रिल, मंगळवार

मला ती इथंच हवी आहे. हे फक्त इथं लिहितो आणि पान उलटतो.

२९ एप्रिल, शनिवार

ताई राहायला आली. आल्या आल्या स्वयंपाकघरातले सगळे डबे पुसले, म्हणजे हिनं लावलेला क्रम गेला. साखर शोधण्यात अर्धा दिवस गेला, तरी सापडली नाही.

जेवताना खारूसमोर म्हणाली, "आणि ही गेल्यावर तू काय करणार? खिळे खाणार? ह्याच्याकडे बघायचं कुणी?"

खारूनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर! तिच्या आईची अगदी. मी भातात मान घातली. म्हणायचं होतं, माझी काळजी करू नको. म्हणालो काय? "मीठ दे."

३० एप्रिल, रविवार

कालच्या त्या नजरेचीच भीती वाटते मला.

हिचं असंच झालं होतं. लग्नाआधीची गोष्ट. शिकायला बाहेरगावी जायचं ठरलं होतं हिचं, सामान बांधलेलं होतं. पण वडील एकटे राहतील म्हणून राहिली. त्यांनी थांबवलं नव्हतं, फक्त गप्प बसले होते. पुढे मी भेटलो, खारू झाली, संसार झाला. हिनं कधी तक्रार केली नाही. पण संध्याकाळी कॉलेजच्या मुली घोळक्यानं रस्त्यावरून जायला लागल्या की हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहायची. त्या दिसेनाशा झाल्या की आत जायची. मी टाके घालता घालता बघायचो.

खारू माझ्यासाठी म्हणून राहिली, तर तीही एक दिवस अशी दारात उभी राहील. ते मी बघू शकणार नाही. तिला जायचंय हे मला दिसतंय. तिला मोकळं करायचं कसं, एवढंच कळत नाही. ही असती तर दोन वाक्यांत केलं असतं.

९ मे, मंगळवार

ताई गेली. साखर सापडली.

खारू हल्ली दुपारभर बाहेर असते. "वाचनालयात." नखांत माती असते. वाचनालयात कसली माती? विचारायचं राहून गेलं.

२० मे, शनिवार

दोन्हीकडे जागा मिळाली! खारूनं दुकानात येऊन सांगितलं. मी दाभण तोंडात धरलेलं, त्यामुळे नुसती मान हलवली. बोलायला मोकळा झालो तोवर ती आत गेली होती.

हिच्या फोटोला सांगितलं. मग मलाच माझा राग आला. ज्याला सांगायचं त्याला सोडून हे काय!

२३ मे, मंगळवार

"लांबचं चांगलं आहे," मी म्हणालो.

"हो. चांगलंच आहे."

"मोठं आहे."

"हो."

"तुला काय वाटतं?"

"तुम्हाला काय वाटतं?"

मग कुकरची शिट्टी झाली आणि दोघंही एकदम उठलो. सुटका झाल्यासारखे!

२७ मे, शनिवार

समोरचा चष्मेवाला चहाला आला. त्याचा मुलगा दोन वर्षांपूर्वी घरातून हलत नव्हता, नोकरी लागली तरी निघेना. विचारलं, तू कसा घालवलास रे त्याला?

"सोपं आहे," तो म्हणाला. "त्याच्या खोलीत टेप घेऊन गेलो आणि मापं घ्यायला लागलो. म्हटलं, तू गेलास की काचांची कपाटं इथं लावणार. तिसऱ्या दिवशी साहेबांनी बॅग भरली! पोरांना उगाच वाटतं, आपल्यावाचून आई-बापांचं अडतंय. अडत नाही हे दाखवायचं, की हलकी होतात."

हसून हसून चहा सांडला त्यानं.

मला ते पटलं. "अडत नाही हे दाखवायचं." बोलून नाही, करून दाखवायचं. बोलणं मला जमत नाही, मोजमाप जमतं.

२८ मे, रविवार

केलं!

खारू खोलीत वाचत होती. टेप घेऊन आत गेलो. खिडकीपासून दारापर्यंत, मग पलंगाच्या मागची भिंत.

"काय मोजताय?"

"तागे ठेवायला दुकानात जागा पुरत नाही. तू गेलीस की इथं फळ्या मारीन म्हणतो. कापड कोरडं राहील. ऊनही येत नाही ना इकडे फार, रंग उडायचा नाही."

मी टेपचं टोक तिच्याच हातात दिलं — "धर जरा." तिनं धरलं.

"कधी हवी आहे खोली?"

"घाई नाही. जुलैपर्यंत मोकळी झाली तर बरं पडेल."

"बरंय."

आवाज जरासुद्धा हलला नाही माझा. नाटकात जायला हवं होतं मी. बाहेर येऊन यंत्रावर बसलो तर सुईत दोरा ओवता येईना.

२९ मे, सोमवार

तिनं भिंतीवरचे नकाशे काढले. सगळे. खिळेसुद्धा उपटून वाटीत घालून माझ्या टेबलावर आणून ठेवले. "तुम्हाला लागतील."

म्हणजे पोरगी तयारच होती! माझ्या एका शब्दाची वाट बघत होती. मी इतके दिवस जीव टांगून बसलो, आणि तिचे नकाशे एका दिवसात खाली. राग आला. हो, आला! मीच ढकललं आणि मलाच राग. कुणाला सांगू?

भिंतीवर नकाशांच्या जागी उजळ चौकोन राहिलेत.

२ जून, शुक्रवार

"लांबचं घेते."

"बरंय," मी म्हणालो.

११ जून, रविवार

तिच्यासाठी गादी शिवतोय. वसतिगृहाची वाईट नव्हती, पण कडेला बसकी होती. स्वतःच्या हातची असली की बरं. स्पंजाचा चांगला तुकडा ठेवणीतला होता, हिच्या खुर्चीसाठी राखलेला. तोच घातला.

खारू येऊन शेजारी बसली. दोरा तोडून देत होती, लहानपणी द्यायची तसा. मला वाटलं काहीतरी म्हणेल. तिलाही बहुतेक तसंच वाटत असावं. गादी पूर्ण झाली.

१३ जून, मंगळवार

तो सोफ्यातल्या वस्तूंचा डबा तिनं मागितला नाही. मीच पुढे केला. तिनं बराच वेळ खालीवर करून एक पितळी बटण घेतलं आणि डबा परत दिला. "बाकीचं इथंच राहू दे. फळ्यांवर जागा असली तर ठेवा कुठेतरी."

१८ जून, रविवार

गेली.

फलाटावर सारखी बोलत होती. चष्मेवाल्याच्या कुत्र्याबद्दल. शेजारच्या डब्यातल्या बाईच्या टोपीबद्दल. गाडीला रंग कुठला द्यायला हवा होता याबद्दल! एक क्षण गप्प नाही. मी "हं, हं" करत होतो. गाडी हलली तरी खिडकीतून काहीतरी सांगत होती, ते मला ऐकू आलं नाही. मी हात केला.

घरी येऊन तिच्या खोलीचं दार लावलं. मग उघडलं. उघडंच ठेवलं.

१९ जून, सोमवार

दोन कप चहा केला. एक ओतून दिला.

२५ जून, रविवार

फोन आला.

"जेवलीस का?"

"हो. तुम्ही?"

"हो."

"तागे ठेवले का खोलीत?"

"ठेवले की. लगेच ठेवले."

"मावले?"

"हो, हो. खोली भरून गेली."

"बरं झालं मग."

काय बोलणार? तिनं निवांत राहावं, मागं वळून बघू नये, म्हणून तर सगळं. एकही तागा हलवलेला नाही मी. दुकानात चालायला वाट नाही, आडवा होऊन यंत्रापर्यंत जातो.

९ जुलै, रविवार

पुन्हा तेच. जेवलीस का, जेवलात का. कॉलेज कसं आहे? "खूप छान! खूप मोठं! वाचनालय केवढं आहे, आणि मुली इतक्या छान आहेत, आणि बाबा, इथली बाग —" पाच मिनिटं श्वास न घेता. चला, रमली.

मग शेवटी, "तागे ठीक आहेत ना? ओल नाही ना लागत?"

"नाही, नाही. उत्तम."

१५ जुलै, शनिवार

गिऱ्हाइकाची लहान मुलगी दुकानात अखंड बडबडत होती, आणि तिची आई म्हणाली, "हिला ताप येणार आहे, बघा. बरं नसलं की हिची टकळी सुरू होते."

आणि एकदम आमच्या हिचा आवाज कानात आला. तसाच. खारू पाचवीत होती, शाळा बदलली तेव्हाचा. ती घरभर बोलत फिरत होती, नवी शाळा कित्ती छान, कित्ती मोठी, आणि मी म्हणालो होतो, बघ, खूश आहे पोरगी. ही म्हणाली, "कुठे खूश? आतून रडतेय ती. ही खूश असली की गप्प बसते, मुठी आवळून. इतकी वर्षं बघताय, एवढंही कळत नाही?"

छे! लहानपणीची गोष्ट ती. आता मोठी झाली आहे. माणसं बदलतात.

मुठी आवळून.

कशाला आठवलं हे!

१६ जुलै, रविवार

विचारायचं ठरवून फोन लावला. "बरी आहेस ना?" "हो, एकदम! तुम्ही?" "हो." ठेवला. पुढचा प्रश्न कागदावर लिहून ठेवला होता, तोंडातून फुटलाच नाही.

६ ऑगस्ट, रविवार

पुढच्या महिन्यात तिला आठवडाभर सुट्टी आहे. मी चादरी उन्हात घातल्या होत्या. पलंगाचा एक पाय हलत होता तोही ठोकला. फोनवर सहज विचारल्यासारखं विचारलं, "कुठल्या दिवशी येतेस?"

"मी इथंच राहते बाबा. मैत्रीण आहे एक, तिच्याकडे. घरी झोपायला जागा कुठंय आता? तुमची उगाच गैरसोय."

सांगायला हवं होतं, अगं वेडे, ये, जागा आहे. पण मग इतके दिवस खोटं का बोललो ते सांगावं लागलं असतं. ते सांगायचं तर मापं का घेतली तेही सांगावं लागलं असतं. ते सांगायचं तर मग सगळंच.

"बरंय," म्हणालो.

फोटोकडे बघितलं. "पोचव ना गं एवढं," म्हणालो. मोठ्यानं म्हणालो. नंतर खूप रडलो. दुकान उघडंच होतं. चष्मेवाला दारापर्यंत आला आणि परत गेला.

१९ ऑगस्ट, शनिवार

जवळच्या कॉलेजच्या बाई आल्या. खुर्ची घेऊन. "पाठवा म्हणाला होतात ना."

मी खुर्ची उलटी केली, पट्टे बघायला लागलो. त्या उभ्याच होत्या. म्हणाल्या, "तुमची मुलगी बरी आहे ना? शेवटच्या दिवसापर्यंत जागा राखली होती मी तिची. मेमध्ये रोज दुपारी यायची, खापरं धुवायला. मी बोलावलं नव्हतं. इथंच शिकायचं म्हणाली होती, मला हवं ते इथंच आहे, म्हणाली. आणि मग एक दिवस येऊन उभी. जाते म्हणाली. मी विचारलं, का गं? तर म्हणाली, 'बाबांना माझी खोली लागते आहे. ते कधी काही मागत नाहीत.'"

बाईंना मी हाताला धरून आत नेलं. दार उघडंच होतं. पलंग, उन्हात वाळवलेली चादर, भिंतीवरचे उजळ चौकोन. त्या बघत राहिल्या. मी म्हणालो, "तिला अजून घ्याल का?" त्या म्हणाल्या, "आधी तिला विचारा."

सकाळच्या गाडीनं निघतो. फोनवर नाही, समोर बसून. वाक्य एकच आहे — खोली तुझीच आहे, तुला काय हवंय? — आणि ते मलाच म्हणायचं आहे.